सजग स्वप्नाची वेळ आणि तीन पाळ्यांचे घड्याळ

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे भान झोपलेल्या माणसाला येते, तेव्हा त्या स्वप्नाला सजग स्वप्न म्हणतात. ल्युसिड ड्रीम हे त्याचे जगभर चाललेले नाव डच मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक व्हान एडन यांच्या १९१३ सालच्या निबंधापासून रूढ झाले. असे भान काहींना लहानपणापासून आपोआप येते, तर पुष्कळांना ते चुकूनमाकून येऊन जाते. पन्नास वर्षांतल्या पाहण्यांचा एकत्र हिशेब मांडणाऱ्या २०१६ मधील एका अभ्यासानुसार सुमारे ५५ टक्के लोकांनी आयुष्यात एकदा तरी आणि सुमारे २३ टक्के लोकांनी महिन्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा सजग स्वप्न पाहिलेले असते. ही गोष्ट सरावाने शिकता येते हे आता बऱ्यापैकी मान्य झाले आहे. मात्र ती शिकवणारी बहुतेक पुस्तके असे धरून चालतात, की वाचक रात्री अकराला झोपतो, सकाळी सातला उठतो आणि त्याला पहाटे चारचा गजर लावून उठण्याची चैन परवडते. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात हे गृहीतक पहिल्याच आठवड्यात मोडते.

निघोजे हे खेड तालुक्यातले इंद्रायणीकाठचे गाव. नदीच्या वरच्या अंगाला देहू, खालच्या अंगाला आळंदी आणि गावाच्या शिवाराला लागून चाकण औद्योगिक क्षेत्राचे टप्पे, अशी त्याची आजची चतुःसीमा सांगता येईल. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये येथे सुरू झाला, त्याच सुमारास महिंद्राचा मोठा वाहन प्रकल्प उभा राहिला आणि त्यांच्या मागोमाग सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आल्या. विदर्भ-मराठवाड्यापासून बिहारपर्यंतची तरुण मुले भाड्याच्या खोल्यांमध्ये राहू लागली, आणि गावाची झोप फर्स्ट, सेकंड व थर्ड अशा तीन पाळ्यांमध्ये वाटली गेली. पाळी बहुतेक ठिकाणी आठवड्याने बदलते, त्यामुळे येथला कामगार एका महिन्यात रात्री दहाला, पहाटे दोनला आणि सकाळी साडेआठला अशा तिन्ही वेळी अंथरुणाला पाठ टेकतो. अशा माणसाने सजग स्वप्न शिकायचे ठरवले, तर ‘गजर किती वाजता लावायचा’ या प्रश्नाचे उत्तर त्याला दर आठवड्याला नव्याने काढावे लागते, आणि एका आठवड्यात तर ‘लावूच नये’ हेच उत्तर बरोबर ठरते.

हे असे का, हे समजण्यासाठी झोपेची घडण पाहिली पाहिजे. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसरिन्स्की आणि नेथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले, की झोपेत ठरावीक अंतराने बंद पापण्यांखाली डोळ्यांची बुबुळे वेगाने हलू लागतात आणि त्या वेळी उठवलेला माणूस बहुधा स्वप्न सांगतो. या टप्प्याला त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून रेम झोप म्हणतात. तिच्यात मेंदू जवळजवळ जागेपणाइतका कार्यरत असतो, पण हातपायांचे स्नायू शिथिल करून ठेवलेले असतात. झोपेचे एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचे असते आणि त्याच्या शेवटी रेमचा तुकडा येतो. पहिल्या आवर्तनात तो जेमतेम काही मिनिटांचा असतो, पुढे वाढत जातो आणि शेवटच्या आवर्तनांमध्ये अर्ध्या तासाच्या किंवा त्याहूनही पुढे जातो. उलट, शरीराची झीज भरून काढणारी गाढ झोप रात्रीच्या पहिल्या भागात उरकली जाते. म्हणजे स्वप्नांचा खरा साठा झोपेच्या शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात असतो.

या शेवटच्या हिश्श्याचे महत्त्व जुन्या लोकांच्याही ध्यानात आले होते, जरी त्यांनी त्याचा अर्थ वेगळा लावला. अग्निपुराणात स्वप्नाच्या फळाची मुदत प्रहरावरून सांगितली आहे: पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाचे फळ वर्षाने, दुसऱ्यातल्याचे सहा महिन्यांनी, तिसऱ्यातल्याचे तीन महिन्यांनी, चौथ्यातल्याचे पंधरवड्याने आणि अरुणोदयाच्या वेळच्या स्वप्नाचे दहा दिवसांत मिळते. पहाटेचे स्वप्न खरे होते हा घरोघरचा समज त्याच परंपरेतला आहे. फळाचे काहीही असो, पहाटेची स्वप्ने अधिक लांब आणि ठसठशीत असतात, अधिक लक्षात राहतात, आणि म्हणून त्यांना अधिक मान मिळाला असावा, असे म्हणायला हरकत नाही.

येथे दोन निरनिराळी घड्याळे काम करत असतात आणि शिकवणारी पुस्तके त्यांची अनेकदा गल्लत करतात. एक घड्याळ झोप लागल्यापासून चालू होते. आवर्तने त्यावर मोजली जातात. दुसरे घड्याळ शरीराचे आहे. ते सूर्यप्रकाशावर लावलेले असते आणि माणूस जागा असो वा झोपलेला, आपल्या गतीने चालते. या दुसऱ्या घड्याळानुसार शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली जाते आणि रेम झोपेकडे मेंदूचा ओढा त्याच्या थोडे नंतर, म्हणजे पहाट ते सकाळ या काळात, सर्वांत अधिक असतो. रात्री अकराला झोपणाऱ्याच्या बाबतीत दोन्ही घड्याळे जुळतात, म्हणून त्याला ती वेगळी असल्याचे जाणवतही नाही. पाळीत काम करणाऱ्याच्या बाबतीत ती एकमेकांपासून फारकत घेतात, आणि त्याचा सगळा हिशेब या फारकतीवर ठरतो.

सजग स्वप्न ही केवळ सांगोवांगीची गोष्ट नाही याचा पहिला प्रयोगशाळेतला पुरावाही सकाळच्याच झोपेतून मिळाला. झोपेत स्नायू शिथिल असले तरी डोळे हलू शकतात, या गोष्टीचा फायदा घेऊन इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ॲलन वर्सली या अनुभवी स्वप्नद्रष्ट्याशी आधीच ठरवून ठेवले, की स्वप्नात भान आले की त्याने डोळे डावी-उजवीकडे ठरावीक वेळा फिरवायचे. १२ एप्रिल १९७५ च्या सकाळी तो संकेत यंत्राच्या कागदावर उमटला. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे हाच प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. लाबर्ज यांनीच नवशिक्यांसाठी ती पद्धत बसवली, जी आज माइल्ड या नावाने ओळखली जाते आणि जिच्यावर पुढचा बराचसा अभ्यास उभा आहे.

या पद्धतीत दोन भाग एकत्र येतात. पहिला वेळेचा: साधारण पाच-सहा तास झोपून गजराने उठायचे, काही काळ जागे राहायचे आणि पुन्हा झोपायचे, म्हणजे मन ताजे असताना माणूस सरळ रेमच्या लांब तुकड्यांमध्ये उतरतो. दुसरा स्मरणाचा: उठल्यावर नुकतेच पडलेले स्वप्न आठवायचे, त्यातली एखादी विसंगत गोष्ट, म्हणजे स्वप्नखूण, हेरायची, आणि पुन्हा झोपताना ‘पुढच्या वेळी स्वप्न पडेल तेव्हा ते स्वप्न आहे हे मला आठवेल’ असे अर्थासकट मनात घोळवायचे, त्याच स्वप्नात आपण परत गेलो आहोत, ती खूण दिसली आहे आणि आपण ती ओळखली आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणायचे. कारखान्यातल्या माणसाला अशा खुणा शोधाव्या लागत नाहीत: गेटवर पंचिंग होत नाही, लाइन थांबता थांबत नाही, कंपनीची बस भलत्याच गावात शिरते, ही त्याच्या झोपेतली नेहमीची दृश्ये असतात आणि त्यांतले कोणतेही एक धरले तरी चालते.

माइल्डचा भर पुढे करायची गोष्ट आठवण्यावर आहे, आणि नेमकी हीच शक्ती स्वप्नात सर्वांत लवकर दगा देते. निघोज्यापासून नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या देहूच्या तुकोबांनी आपल्या गुरूपदेशाचे स्वप्न अभंगांतून सांगितले आहे, त्यात याचा एक चकित करणारा तपशील येतो: बाबाजी चैतन्यांनी मस्तकावर हात ठेवला, भोजनासाठी पावशेर तूप मागितले, आणि स्वप्नात त्या मागणीचा विसर पडला. वारकरी परंपरा या स्वप्नाकडे अनुग्रह म्हणून पाहते आणि त्याला प्रयोगशाळेची फूटपट्टी लावण्याचे काही कारण नाही. ते सजग स्वप्न होते असाही दावा येथे नाही. परंतु स्वप्नात सोपवलेले काम स्वप्नातच विसरले जाते, हे निरीक्षण सतराव्या शतकात इतक्या नेमकेपणाने नोंदले गेले, हे स्मरणाच्या सरावाचे महत्त्व जाणणाऱ्याला नक्कीच लक्षणीय वाटेल. (त्या अभंगातला वार गुरुवार आहे, आणि या औद्योगिक पट्ट्यात अनेक कंपन्यांची साप्ताहिक सुट्टीही गुरुवारीच असते, हा योगायोग, पुढे त्या सुट्टीचा उपयोग आहेच.)

मध्ये किती वेळ जागे राहावे, यावर संशोधकांची उत्तरे वरवर परस्परविरोधी दिसतात. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड विद्यापीठाचे डेनहोम ॲस्पी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहभागींनी पाच तासांनंतर उठून माइल्डचा सराव केला, तेव्हा सरासरी १७ टक्के प्रयत्न यशस्वी झाले. पण सराव संपल्यावर पाच मिनिटांच्या आत ज्यांना झोप लागली, त्यांच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे ४६ टक्क्यांवर गेले. उलट, डॅनिएल एर्लाखर आणि टाडास स्टुम्ब्रिस यांच्या २०२० मधील प्रयोगात लोकांना सहा तासांच्या झोपेनंतर तासभर जागे ठेवले होते, आणि तरीही जवळपास निम्म्यांना त्याच सकाळी सजग स्वप्न पडले. या दोन्ही गोष्टी एकत्र बसतात, कारण पाच मिनिटांचा आकडा जागे राहण्याचा नसून सराव आटोपल्यावर झोप लागायला लागलेल्या वेळाचा आहे. जागेपण फारच थोडे असले तर मनात संकल्प रुजण्याआधीच माणूस झोपेत बुडतो, फार असले तर झोपच उडते. प्रयोगशाळेत दुसऱ्या दिवशी कामावर जायचे नसते, म्हणून तेथे तास परवडतो. खोलीत राहणाऱ्या नवशिक्यासाठी दहा मिनिटे ते अर्धा तास ही मर्यादा शहाणपणाची वाटते, आणि त्या वेळात मोबाइल हातात घेऊ नये. त्याचा उजेड आणि त्यातला मजकूर दोन्ही झोपेला मारक.

मोबाइलवरच्या काही ॲपमध्ये ९० मिनिटांच्या पटीत गजर लावून देण्याची सोय असते. तिच्यावर विसंबणे व्यर्थ आहे, कारण आवर्तनाची लांबी माणसागणिक आणि रात्रीगणिक बदलते. तीन-चार आवर्तनांनंतर ही तफावत इतकी साचते, की नेमका तुकडा पकडल्याचा आव आणण्यात अर्थ उरत नाही. पाच-सहा तासांचा ढोबळ पट्टा पुरे. उलट, गजर पुन्हा पुन्हा पुढे ढकलत डुलक्या घेण्याची जी सवय आळसात जमा केली जाते, तिचा सजग स्वप्नांच्या वारंवारतेशी संबंध असल्याचे ब्रिटनमधल्या स्वॉन्झी विद्यापीठातील मार्क ब्लॅग्रोव्ह आणि सहकाऱ्यांना २०१५ मध्ये आढळले.

आता पाळ्यांकडे. वेळा कारखान्यागणिक अर्ध्या-एक तासाने पुढेमागे असतात, पण साचा सारखाच. या कामासाठी सर्वांत अनुकूल पाळी सेकंड शिफ्ट आहे, जरी कामगार तिच्याविषयी फारसे चांगले बोलत नाहीत. मध्यरात्रीच्या आसपास सुटलेला माणूस बसने खोलीवर येतो, ताटात झाकून ठेवलेले जेवतो आणि दीड-दोनला आडवा होतो. त्याची झोप साडेआठ-नऊपर्यंत चालली, तर तिचा शेवटचा हिस्सा शरीराच्या घड्याळावर रेमचा ओढा सर्वाधिक असलेल्या सकाळीच येतो. दोन्ही घड्याळे एकाच दिशेने ढकलतात. त्यातच तीन पाळ्यांचे तिघे एका खोलीत राहत असतील, तर गजराचीही गरज उरत नाही. फर्स्टवाला पाचला उठून निघून जातो, तेव्हा सेकंडवाल्याची झोप तीनच तासांची झालेली असते, म्हणून त्या खुडबुडीकडे त्याने लक्ष न देणेच बरे. पण साडेसातच्या सुमारास थर्डवाला परत येतो, कडी वाजते, बादलीत नळाचे पाणी पडू लागते, तेव्हा साडेपाच तास पुरे झालेले असतात. त्या वेळी जाग आलेल्याने तसेच पडून आधी स्वप्न आठवावे, मग उठून चूळ भरावी, पाणी प्यावे, अंधुक उजेडात दहा-पंधरा मिनिटे बसावे, चहा मात्र टाळावा, आणि पुन्हा झोपताना वर सांगितलेला संकल्प घोळवावा. पार्टनरची वेळ जुळत नसेल तर मनगटावरच्या पट्टीचा थरथरणारा गजर लावता येतो. खोलीतल्या दुसऱ्याची झोप मोडून साधलेली विद्या फार दिवस टिकणार नाही.

फर्स्ट शिफ्टचे गणित उलटे आहे. पावणेसहाची बस गाठण्यासाठी पाचला उठणाऱ्याने रात्री दहाला झोपायचे म्हटले तरी सात तासच मिळतात, आणि प्रत्यक्षात जेवण, घरी फोन आणि मोबाइल यांत अकरा वाजतात. म्हणजे जो शेवटचा हिस्सा हवा, तोच कापला जातो. त्यात मध्ये तीनचा गजर लावणे म्हणजे उरलेल्या झोपेचे तुकडे करणे होय, आणि कामाच्या दिवशी ते करू नये. दुपारी पाळीवरून आल्यावरची झोपही येथे कामाची नाही, कारण तोवर रेमचा ओढा ओसरलेला असतो. मात्र या आठवड्यातली सुट्टी सोन्यासारखी आहे: पाच दिवस पाचला उठलेल्या शरीराला गुरुवारीही पाचलाच आपोआप जाग येते, माणूस कुरकुरत कूस बदलतो, आणि आठपर्यंतची झोप हाताशी असते. लाबर्ज यांच्या प्रयोगांतही सकाळी उठून थोड्या वेळाने घेतलेली पुन्हाची झोप सजग स्वप्नांना विशेष पोषक आढळली. बाहेरून कोणतीही किंमत न मोजता मिळणारी ही संधी नवशिक्याने दवडू नये.

थर्ड शिफ्टच्या आठवड्यात पुस्तकातला पाच तासांचा नियम सरळ बाजूला ठेवावा. सकाळी साडेआठला झोपणाऱ्याच्या शरीराचे घड्याळ तेव्हा रेमच्या बाजूला झुकलेले असते, त्यामुळे स्वप्ने झोपेच्या शेवटाकडे न साठता सुरुवातीकडे सरकतात. दुसरीकडे तापमान चढू लागलेले असते, पत्रा तापतो, रस्त्यावर टँकर आणि हॉर्न सुरू होतात, आणि दुपारी एक-दोनला झोप आपोआप तुटते. पाच तासांनी गजर लावला तर पुढे झोपायला काही उरतच नाही. आणि जी झोप आधीच तोकडी आहे, तिच्यात हौसेखातर आणखी छेद देणे धोक्याचे आहे: रात्री प्रेसवर हात घालायचा असतो आणि सकाळी तळेगाव-चाकण रस्त्यावरून दुचाकी हाकायची असते. या आठवड्यात फक्त स्वप्नवही लिहावी. जाग येताच हालचाल न करता आधी शेवटचे दृश्य, मग त्याच्या आधीचे, असे मागे मागे जात आठवावे आणि दोन ओळी टिपाव्यात; स्वप्न आठवण्याची ही सवय पुढच्या सगळ्या सरावाचा पाया असल्यामुळे हा आठवडा वाया जात नाही. थर्ड संपल्यानंतरच्या पहिल्या रात्रीकडूनही फार अपेक्षा ठेवू नये, कारण थकलेले शरीर आधी गाढ झोपेची थकबाकी वसूल करते.

दिवसा ‘मी आत्ता स्वप्नात तर नाही ना’ असे तपासत राहण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. नाक चिमटीत धरून श्वास घेता येतो का पाहणे किंवा पाटीवरचा मजकूर दोनदा वाचणे ही त्याची साधने. स्वप्नात अक्षरे दुसऱ्या वाचनात बहुधा बदललेली असतात. ही तपासणी गेटवर किंवा चहाच्या सुट्टीत करावी, चालू यंत्रापुढे कधीही नाही. मात्र एकट्या या उपायाने फारसे साधत नाही, असेच ॲस्पी यांच्या अभ्यासात दिसले.

मधूनच उठून पुन्हा झोपण्यात एका अनुभवाची शक्यता वाढते: मन जागे होते, पण स्नायूंवरची रेमची पकड सुटलेली नसते, आणि छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते. गावाकडे याचा संबंध मुंजा किंवा भुताशी जोडतात. तो निद्रापक्षाघाताचा साधा प्रकार असून काही क्षणांत ओसरतो. बोटे किंवा डोळे हलवण्याचा प्रयत्न केल्यास लवकर सुटका होते. ज्यांना मानसिक आजाराचे उपचार चालू आहेत किंवा वास्तव आणि भास यांची सीमा पूर्वी कधी पुसली गेली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. गॅलंटामीन या औषधाने सजग स्वप्नांचे प्रमाण वाढल्याचा २०१८ मधील प्रयोग प्रसिद्ध आहे, परंतु ते स्मृतिभ्रंशावरचे औषध आहे, नवशिक्याचे खेळणे नव्हे.

पहिले सजग स्वप्न बहुधा काही सेकंदांत संपते, कारण भान आल्याच्या आनंदानेच जाग येते. तेव्हा धावपळ न करता स्वप्नातलेच हात एकमेकांवर चोळावेत आणि जमिनीकडे किंवा जवळच्या वस्तूकडे बारकाईने पाहावे, म्हणजे दृश्य थोडे स्थिर राहते. स्वप्नातला वेळ कसा चालतो हेही मोजून झाले आहे. लाबर्ज यांच्या प्रयोगात स्वप्नात दहा सेकंद मोजायला जागेपणी लागतो साधारण तितकाच वेळ लागला, तर एर्लाखर यांच्या प्रयोगात स्वप्नातल्या उठाबशांना जागेपणीपेक्षा बराच अधिक वेळ लागला. एका क्षणात वर्षे लोटल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात, पण मोजमापात तसे काही आढळत नाही. म्हणून सकाळी पावणेआठला पुन्हा डोळे मिटणाऱ्याने स्वप्नात गावी जाऊन येण्याचा बेत आखू नये. समोरच्या गेटवरची पाटी दोनदा वाचण्याचा आखावा, आणि ती वाचली की लगेच वहीत लिहून ठेवावे, कारण उठून, जेवण करून दुपारची बस पकडायची असते आणि तोवर त्यातले बरेच निसटलेले असते.